सध्या काय पाहिलंत? (शेवट पटला की नाही, तेही सांगा)

बाल्कनीतिकीट

मागचा धागा उघडायलाच आता मिनिटभर लागतं, म्हणून हा नवा. नियम जुनेच. नुकतंच काय पाहिलंत, आवडलं का, नसेल तर का नाही, एवढं लिहा. तारे देऊ नका. साडेतीन तारे म्हणजे नक्की काय, हे आजवर इथे एकालाही सांगता आलेलं नाही. रहस्य फोडणार असाल तर आधी इशारा द्या.

सुरुवात माझ्यापासून. (इशारा: 'कोर्ट'चा शेवट फोडतोय. २०१४चा सिनेमा आहे, आता किती दिवस सांभाळायचा.)

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' परवा परत पाहिला, या वेळी बायको सोबत होती. लोकशाहीर नारायण कांबळे, त्यांचं गाणं ऐकून एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप, आणि मग तारखांवर तारखा. सिनेमा जबरदस्त आहे, त्यात वाद नाही. वीरा साथीदार तर नट वाटतच नाहीत. पण शेवट! कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, माणसं पांगतात, दिवे मालवले जातात, खोली अंधारात बुडते. पडदा बराच वेळ काळा. इथे संपायला हवा होता. आपण रिमोट शोधायला लागतो आणि तेवढ्यात न्यायाधीश सदावर्ते सहकुटुंब रिसॉर्टला निघालेले. तिथे बाकावर डुलकी, पोरांनी दचकवल्यावर एकाच्या थोबाडीत, आणि परत डुलकी. बायको म्हणाली, "हे कशाला?" माझंही तेच म्हणणं. जे त्या अंधाराने सांगून झालं होतं ते परत घास करून भरवायची काय गरज?

ॲड_मुक्ता

बाल्कनीभाऊ, साफ असहमत. आणि मी रोज काळा कोट घालून त्याच वातावरणात उभी असते, त्यामुळे हा सिनेमा मला जरा जास्तच जवळचा आहे, हे आधीच सांगते.

इतर सिनेमांतलं कोर्ट म्हणजे टेबलावर मूठ आपटणं. खऱ्या कोर्टात निम्मा वेळ कागद शोधण्यात जातो. साक्षीदार मराठीत पाच वाक्यं बोलतो, न्यायाधीश त्यांचं इंग्रजीत एक वाक्य करून लघुलेखकाला सांगतात, आणि पुढे अपिलात सगळे त्या एका वाक्यावर भांडतात. ताम्हाणेने ते जसंच्या तसं उचललंय. एका बाईंचं प्रकरण फक्त त्यांनी बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून पुढे ढकललं जातं, तो प्रसंग आठवा. आणि मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष! नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे अगदी साध्या आवाजात सांगते, पोह्यांची कृती सांगावी तसं. मी अशा साक्षी ऐकल्यात, लोक रडत नाहीत. रडणं घरी झालेलं असतं.

आता तुमचा शेवट. सरकारी वकीलबाईंचं घर आपण पाहिलेलं असतं: लोकलचा प्रवास, पाळणाघरातून मुलाला घेणं, घरी येऊन स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी नाटक. बचावाच्या वकिलाचंही पाहिलेलं असतं: गाडी, वाइन, चीज, आईवडिलांशी खटके. राहिलं कोण? जो निकाल देतो तो. रिसॉर्टमध्ये एका मुलाला बोलता येत नाही असं कळल्यावर हाच माणूस त्याच्या बापाला अंकशास्त्र बघून नाव बदलायला सांगतो. कोर्टात ब्रिटिश काळातल्या कायद्याचा कीस काढणारा माणूस! हा प्रसंग काढलात तर सिनेमाचा पाया गेला.

चहाबिस्कीट

मला शेवटाबद्दल मत नाही, कारण मी तिथवर पोचलेच नाही. कॅमेऱ्याला हलायची बंदी होती का? माणूस दाराकडे जातो, दार उघडतो, बाहेर पडतो, दार बंद होतं, आणि शॉट सुरूच! मी उठून कुकर लावून आले, तरी तोच शॉट.

हलके घ्या. पण खरंच, इतकं संथ कुणासाठी करतात?

टुरिंग_टॉकीज

चहाबिस्कीट, हसून हसून पुरेवाट. कुकरच्या शिट्ट्यांवर सिनेमा मोजायची पद्धत समीक्षकांनी घ्यायला हरकत नाही.

मी गेल्या आठवड्यात 'सिंहासन' (१९७९) पाहिला. नातवाने मोठ्या टीव्हीवर लावून दिला आणि नवल म्हणजे शेजारी बसून पूर्ण पाहिलाही. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या. कृष्णधवल. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांच्या खुर्चीखाली सुरुंग लावणारे अर्थमंत्री दाभाडे म्हणजे डॉ. लागू, कामगार पुढारी डिकास्टा सतीश दुभाषी, आणि या सगळ्यांच्या मागे वही घेऊन हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस, निळू फुले.

निळूभाऊंना ज्यांनी फक्त पाटील-सरपंच म्हणून पाहिलंय त्यांनी हा दिगू पाहावाच. अख्ख्या सिनेमात हा माणूस आवाज चढवत नाही. ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात बसतो, सिगारेट ओढतो, ऐकतो. आणि डॉक्टरांचे दाभाडे! हाव किती सभ्यपणे चेहऱ्यावर बाळगता येते, याचा तो धडा आहे. आजचे मंत्री दाखवायचे तर पांढरी गाडी आणि दहा अंगरक्षक लागतात. इथे एक निनावी फोन येतो आणि मुख्यमंत्र्यांची झोप उडते, तिथूनच ताण सुरू.

(इशारा) शेवटी एवढी उलथापालथ होऊन खुर्चीवर तोच माणूस राहतो, आणि दिगूचं डोकं फिरतं, तो रस्त्यात खदाखदा हसत सुटतो. माझ्या तरुणपणी हे बघून आम्ही मित्र बाहेर येऊन कितीतरी वेळ गप्प होतो. नातू म्हणाला, "आजोबा, एवढ्याने वेडा का झाला तो? हे तर रोजच होतं."

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

पेठेतला

काका, नातवाला इथे सभासद करून घ्या.

संत्रानगरी

बाल्कनीभाऊंनी वीरा साथीदारांचं नाव काढलं म्हणून लिहितो. ते आमच्या नागपूरचे. 'विद्रोही' मासिकाचे संपादक, आयुष्यभर चळवळीत. नट म्हणून मिरवले नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. 'कोर्ट'मध्ये त्यांची शाहिरी खरी वाटते, कारण व्यासपीठावर उभं राहणं त्यांना नवं नव्हतं, आणि गाण्यांमागे संभाजी भगत आहेत. असो.

मी शिक्षक आहे. यंदा नववीच्या पोरांना 'फँड्री' दाखवला, वर्गातला प्रोजेक्टर, खिडक्यांना चादरी लावून. नागराज मंजुळेंचा पहिला मोठा सिनेमा, थेटरात २०१४च्या फेब्रुवारीत आला होता. पोरांना वाटलं 'सैराट'वाल्याचा आहे म्हणजे गाणी असतील. पहिला अर्धा तास चुळबुळ. मग जब्या ती काळी चिमणी शोधत फिरायला लागला तशी शांत झाली. जब्याला ती पकडून जाळायची असते, कारण तिची राख जिच्यावर टाकली ती पोरगी आपली होते असं त्याला सांगितलेलं असतं. मागच्या बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, ते मी बघितलं.

डुकरं पकडायचा तो मोठा प्रसंग. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकराच्या मागे धावणारं ते अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर मात्र निघून जातं. पोरं हसली. मी काही बोललो नाही. मग डुक्कर खांद्यावरून नेताना मागे शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा. तिथे कुणी हसलं नाही. किशोर कदमांचा कचरू, बापाचं असं काम मी मराठीत फार कमी पाहिलंय. लाचार आहे आणि तरी पोरावर हात उगारतो, दोन्ही एकाच चेहऱ्यावर.

(इशारा) शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा. दिवे लावल्यावर एक पोरगं म्हणालं, "सर, दगड कोणाले लागला?"

दुसरं म्हणालं, "तुले."

गुलमोहर_सोलापूर

संत्रानगरी सर, वाचून काटा आला.

'सैराट'चं मी सांगते. २०१६ साली थेटरात पाहिला तेव्हा झिंगाटला लोक खुर्च्यांवर उभे होते, पडद्याजवळ जाऊन नाचत होते. आमच्या जिल्ह्यातलीच रिंकू, अकलूजची, त्यामुळे गावभर असं वातावरण की जणू घरातलं लग्न. आणि शेवटी तेच थेटर असं चिडीचूप. आता गेल्या रविवारी टीव्हीवर लागला तर सासरे बसले होते. (इशारा, पण अजून कुणी राहिलंय का?) त्या शेवटच्या प्रसंगात आवाज पूर्ण बंद होतो ना, ते बाळ रडतंय पण ऐकू काहीच येत नाही. मामंजींना वाटलं टीव्हीचा आवाज गेला. रिमोट आपटला, सेट टॉप बॉक्स बंद करून चालू केला. तो परत सुरू होईतो नावं वर चढायला लागली होती. म्हणाले, "संपला? मग ती पोरं सुखात राहिली की."

मी म्हटलं हो.

ॲड_मुक्ता

अरे देवा. मामंजींना तसंच राहू द्या.

जास्वंद

धागा वाचतेय, पण एक मदत हवी. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता डॉक्टरांनी टीव्ही बघायला हरकत नाही म्हटलंय. तिला मराठी सिनेमा लावून द्यायचाय. अटी: कुणी मरायला नको, आजारपण नको, सासूने छळायला नको, शेवट गोड हवा. तुमची वरची यादी बघून पोटात गोळा आला.

चहाबिस्कीट

जास्वंद, तेच म्हणते मी! इथे सगळे पुरस्कारवाले सिनेमे. साधा पिक्चर कुणी बघतच नाही का? आईंना 'अशी ही बनवाबनवी' लावून दे, विषय संपला. १९८८ चा आहे पण आमच्या घरी दर गणपतीत एकदा होतोच. सत्तर रुपयांचा किस्सा येण्याआधीच सगळे हसायला लागतात, त्यामुळे तो किस्सा नीट ऐकलेला घरात कुणीच नाही.

पेठेतला

जाता जाता, बनवाबनवीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये आहे. तो चालला नाही आणि आपला अजरामर झाला. कथा तीच, घर मिळत नाही म्हणून दोघांनी बायका व्हायचं. फरक पडला तो अशोक सराफ आणि लक्ष्याच्या वेळेच्या जाणिवेने. धनंजय माने वाक्य टाकतो, पार्वती अर्धा क्षण थांबते, आणि तो अर्धा क्षण म्हणजे सगळा विनोद. तेव्हाच्या पुण्यात जागा शोधलेल्या कुठल्याही होतकरू माणसाला घरमालकाची भीती काय असते ते विचारा, म्हणजे तो सिनेमा इतका का भिडला ते कळेल.

आता मला सांगा, त्याचा शेवट कसा आहे? चटकन सांगा, न बघता.

चहाबिस्कीट

अं… सगळं उघडकीला येतं, लीलाबाई काळभोर चिडतात आणि मग… माफ करतात? दर वर्षी बघते हो मी! शेवटाला आम्ही ताटं घ्यायला उठलेलो असतो.

बाल्कनीतिकीट

म्हणजे ज्या सिनेमावर सगळ्यात जास्त प्रेम त्याचा शेवट कुणाला आठवत नाही, आणि ज्यांचा आठवतो ते जास्वंदच्या आईला दाखवता येत नाहीत. छान.

जास्वंद, 'वळू' (२००८) दाखवा. उमेश कुलकर्णीचा. गावात एक मोकाट बैल, डुरक्या, सगळं बिघडलं की खापर त्याच्यावर. त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो, अतुल कुलकर्णी. त्यासोबत त्याचा भाऊ, माहितीपट काढायला. दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे, भारती आचरेकर, गिरीश कुलकर्णी, सगळी फौज आहे. कुणी मरत नाही.

एडिसनकर

किंवा 'झिम्मा'. आमच्या इकडे न्यू जर्सीत अजून कुठल्याही भिशीत त्याचा विषय निघतोच. सासूचा छळ नाही, उलट सगळ्या जणी इंग्लंड फिरतात. फक्त 'वाळवी' लावू नका. माझ्या बहिणीने नाव वाचून घरातल्या कीडनियंत्रणाबद्दल काही विनोदी असेल म्हणून लावला. विनोदी आहेच, परेश मोकाशींचा आहे, पण पहिल्या काही मिनिटांतच खुनाचा बेत शिजायला लागतो आणि मग ज्या गोष्टी ज्या क्रमाने बिघडतात… आईंच्या डोळ्याचे टाके सांभाळायला हवेत. त्याच्या शेवटाबद्दल मात्र चकार शब्द काढणार नाही, इशारा देऊनही नाही.

कोकणकडा

'दशावतार'वर अजून कुणीच नाही? मग मी लांबण लावतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा कुडाळात पाहिला, आता घरी परत. सुबोध खानोलकरचा. दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री, डोळे अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी. प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे. त्या वयात तो रंग, ते मुकुट, ते नाचणं, त्याला फक्त हात जोडायचे. पूर्वार्ध मला फार आवडला. बाप-लेकाचं नातं, मेकअप करताना आरशासमोरचा बाबुली, आणि कोकण पर्यटनाच्या जाहिरातीसारखं दाखवलेलं नाही. लाल माती आहे तशी लाल आहे. सिनेमातला खाणींचा प्रश्न आमच्याकडे कागदावरचा नाही. डोंगर कापलेला आमच्या खिडकीतून दिसतो.

पण उत्तरार्धात तो सूडाचा सिनेमा होतो आणि तिथे मी थोडा बाहेर पडलो. कारण सांगतो. दशावतार मी लहानपणापासून जत्रांत बघतोय. कार्तिकात हंगाम सुरू होतो. पालखी फिरून झाली की रात्री उशिरा नाटक उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं आणि मागे पडदा. पेटी, मृदंग, झांज. बायकांची कामं पुरुषच करतात. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर अशी नावाजलेली मंडळं. आणि मुख्य म्हणजे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, आणि मग रंगमंचावर दोघं समोरासमोर आले की तिथल्या तिथे बोलायचं. राजा आणि राक्षस अर्धा-अर्धा तास शब्दांनी एकमेकांना खेळवतात. पुराण, गावातली भानगड, ग्रामपंचायत, सगळं त्यात येतं. दशावतारीची खरी ताकद त्याच्या जिभेत. युद्ध शेवटी दोन मिनिटांचं, तेही तलवारी वाजवून गोल फिरणं.

सिनेमाने अवतार घेतले ते रूपाचे. दिसायला भव्य, शिट्ट्या पडल्या, मीही एक मारली. पण बाबुलीने त्या माणसांना आधी शब्दांत पकडून सोललं असतं तर तो आमचा दशावतारी झाला असता. बाहेर पडल्यावर आमचे काका, जे स्वतः कधीकाळी पायात घुंगरू बांधायचे, एवढंच म्हणाले: "म्हातारो नाचलो बरो, पण बोललो कमी."

तरीही बघाच. मराठी सिनेमाला आमच्याकडे एवढी गर्दी मी फार वर्षांनी पाहिली.

एडिसनकर

आमच्याकडे मंडळाने शो लावला होता, तिकिटं लगेच संपली. शेजारचं तेलुगू कुटुंबही आलं होतं. त्यांना सबटायटल पुरली, मला मालवणीसाठी लागली.

सूरश्री

'कोर्ट'वरच्या भांडणात उशिराने उडी मारते. ताम्हाणेचा पुढचा सिनेमा 'द डिसायपल' (२०२०) पाहिलाय का कुणी? व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालेला. मी गाणं शिकते, त्यामुळे तो पाहायचं मुद्दाम टाळत होते. परवा पाहिला.

शरद नेरूळकर, शास्त्रीय गायक व्हायला निघालेला. आदित्य मोडकने केलाय, तो खरोखरचा गायक, आणि गुरुजी म्हणजे अरुण द्रविड, तेही जयपूर घराण्याचे गायक. त्यामुळे रियाजाचे प्रसंग खोटे नाहीत, तंबोऱ्याला हात लावताना कळतंच. शरद रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकल चालवत कानात गुरुजींच्या गुरू माईंच्या ध्वनिफिती ऐकतो. त्या माई पडद्यावर दिसत नाहीत, नुसता आवाज, सुमित्रा भावेंचा. साधना कशी हवी, उपाशी आणि एकटं राहायची तयारी हवी, असं सगळं. बाहेर सगळं संथ, आत हा आवाज.

सिनेमात एकही माणूस शरदला स्पष्टपणे "तुला जमत नाही" असं ओरडून सांगत नाही. तो स्पर्धेत हरतो, गुरुजींचे पाय चेपतो, इंटरनेटवर स्वतःच्या गाण्याखालच्या शिव्या वाचतो. वय वाढतं, पोट सुटतं. मैफलीत गाता गाता तान हवी तिथे पोचत नाही हे त्याला कळतं, आपल्यालाही कळतं, समोरची माणसं मात्र मान डोलावत असतात. माझ्या क्लासमध्ये असे तिघे-चौघे आहेत. मी त्यांतली आहे की नाही, हा प्रश्न मी इथे लिहिणार नाही.

(इशारा) आणि मग शेवट. शरद लोकलमध्ये बायको-मुलीबरोबर बसलाय, डब्यात एक माणूस गात येतो, लोकांकडून पैसे घेतो, पुढे जातो. बस. बाल्कनीतिकीट, तुमच्या हिशेबाने हाही जादाचाच. ताम्हाणेची ती सवयच आहे, सिनेमा संपला असं वाटल्यावर तो एक पान आणखी उलटतो. पण या पानाशिवाय तो शरदची गोष्ट राहिली असती. त्या गाणाऱ्याला ना घराणं, ना माई, ना ध्वनिफिती, आणि तो गातोय.

पेठेतला

सूरश्री, सुंदर लिहिलंत.

माझी भर 'सबर बोंडं'ची. रोहन कानवडेचा पहिला चित्रपट. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांतलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. एवढं होऊन पुण्यात शो सापडायला मला ॲपवर खूप खाली जावं लागलं, आणि सापडला तो कामाच्या दिवशी सकाळचा. मराठी सिनेमाला वेळ कुठली द्यायची हे ठरवणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय. हाफ डे टाकून गेलो.

आनंद मुंबईत राहतो, वडील वारतात, दहा दिवसांच्या विधींसाठी आईबरोबर गावी येतो. तिशीतला, बिनलग्नाचा, त्यामुळे सुतकातसुद्धा नातेवाईक स्थळं सुचवतात. आनंदला मुली नकोत, हे आईला माहीत आहे. आणि गावात बाल्या आहे, लहानपणचा मित्र. एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही, शेळ्या, वारा, भांडी, बायकांचं कुजबुजणं. असल्या विषयावर मारझोड, रडारड, घराबाहेर काढणं हे सगळं मी गृहीत धरून बसलो होतो. काहीही झालं नाही. आई पोराच्या बाजूने उभी आहे, भाषण न करता. जयश्री जगताप, लक्षात ठेवा हे नाव.

चहाबिस्कीट, संथ आहे, कुकरच्या बऱ्याच शिट्ट्या होतील. शेवट सांगत नाही, पण तो जास्वंदच्या आईच्या अटींत बसेल, वडिलांचं वारणं सोडलं तर.

बाल्कनीतिकीट

सूरश्री आणि मुक्ताताई, दोघींचं वाचलं. 'द डिसायपल'चं लोकलचं दृश्य मान्य, तिथे नवं काहीतरी कळतं. 'कोर्ट'च्या बाबतीत मात्र माझं म्हणणं तेच. न्यायाधीशाचं घर दाखवायचं होतं तर मध्येच दाखवता आलं असतं, बाकी दोघांचं दाखवलं तसं. सगळं संपल्यावर वेगळं शेपूट कशाला?

ॲड_मुक्ता

मध्ये दाखवलं असतं तर त्यापुढच्या प्रत्येक तारखेला आपण त्यांना खलनायक म्हणून पाहिलं असतं. जामीन नाकारला, बघा कसा आहे! आता उलटं होतं. दोन तास आपण त्यांना बरा, थकलेला, नियमाने चालणारा माणूस समजतो. माझ्यासमोर रोज असेच असतात, सज्जन असतात, मुलांच्या परीक्षांची चौकशी करतात.

बाल्कनीतिकीट

हं. विचार करतो. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुक्ताबाईंना फी विचार.

जास्वंद

सगळ्यांना धन्स. काल आईला 'वळू' लावून दिला. खूप हसली, भारती आचरेकरांवर विशेष. संपल्यावर मात्र माझ्याकडे वळून विचारते, "त्या बैलाला नेलं कुठे?" मी म्हटलं, अगं, पकडून नेला, गावाची कटकट मिटली, गोड शेवट. तर म्हणे, "गावाचा गोड. त्याचा काय?"

आता हिला 'झिम्मा' लावते. त्यात जनावर नाही ना कुठे, एडिसनकर?